नेल पर्सेलनं न जाळलेला कागद

डब्लिनच्या कुक स्ट्रीटमध्ये कागद जाळणाऱ्या बाईला लोक उधळी म्हणत. कागद हॉलंडहून जहाजानं यायचा, त्यावर जकात बसायची, आणि छपाईत वाया गेलेला तावसुद्धा कुणी ना कुणी मागून न्यायचं. खाटकाला मांस बांधायला, भटारखान्याला पावाखाली घालायला, आणि पुस्तकं बांधणाऱ्या बायकांना पुठ्ठ्यासाठी. नेल पर्सेल ही पुस्तकं बांधणारी बाई. वाया गेलेले ताव खळीनं एकावर एक चिकटवायचे, दगडाखाली दाबायचे, वाळले की कापायचे, झाला पुठ्ठा. वरून चामडं चढलं की आत काय आहे ते देवालाही दिसत नाही, असं ती म्हणायची.

तिला वाचता येत नव्हतं. घड्या नीट लागाव्यात म्हणून तावाच्या तळाशी एक अक्षर छापलेलं असतं, तेवढं ती ओळखायची. नवरा देवीच्या साथीत गेला होता. घरात ती आणि सासू ऊना, आणि खाली तळघरात धाकटा भाऊ अँब्रोज टिरेल, त्याचं जुनं छापयंत्र घेऊन. आई गेल्यावर नेलनंच त्याला वाढवला होता. यंत्राचा दांडा तो असा काही ओढायचा की अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटायची. "अरे, छापतोयस की खिळे ठोकतोयस?" असं ती त्याला चिडवायची. ताव उलटा करून नुसतं बोट फिरवलं तरी तिला कळायचं, हा आपल्या अँब्रोजचा.

अँब्रोज उघडपणे पंचांगं छापायचा, बाजारात गायची गाणी छापायचा, आणि फाशी जाणाऱ्यांची शेवटची भाषणं छापायचा, तीही फाशीच्या आदल्या दिवशीच. झाकून छापायचा ती कॅथलिकांची प्रार्थनेची पुस्तकं. त्यांच्या पहिल्या पानावर 'लूव्हेन येथे छापले' असं दडपून दिलेलं असायचं. समुद्रापलीकडचं हे लूव्हेन पूर्वेला की पश्चिमेला, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याची ही चोरटी छपाई साऱ्या गल्लीला ठाऊक होती, कोतवालालाही ठाऊक होती, आणि तो अधूनमधून आपली मूठ गरम करून डोळे मिटून घेत असे.

पण जॉर्ज राजा गादीवर बसून जेमतेम वर्ष झालं आणि स्कॉटलंडात बंड उठलं, त्या पानगळीत अँब्रोजनं छापलं ते वेगळंच होतं. समुद्रापलीकडे हाकललेला जो कॅथलिक राजपुत्र आपला खरा राजा आहे असं आम्ही कुजबुजत म्हणायचो, त्याचा तो जाहीरनामा. प्रार्थनेच्या पुस्तकाला तुरुंग होता. या कागदाला फाशी होती, आणि फाशीनंतर देहाचे चार तुकडे.

छापून झालेले ताव कुणीतरी येऊन घेऊन गेलं. वाया गेलेले उरले. अँब्रोज ते अंगरख्याखाली लपवून वर आला.

"नेल, हे जाळ. आत्ताच्या आत्ता."

"जाळू? एवढा कोरा करकरीत कागद?"

"कोरा नाही गं. त्यावर माझा गळा छापलाय."

नेलनं चुलीकडे पाहिलं. पण जाळायचं म्हटलं तर धुराड्यातून कागदाची राख उडते. अर्धवट जळालेला एक तुकडा कोतवालाच्या अंगणात पडला आणि त्यावरून वरच्या आळीतला माणूस पकडला गेला, ही गोष्ट ताजी होती. आमच्या चुलीत दलदलीतून कापून आणून वाळवलेल्या मातीच्या ढेपा जळतात, त्यांचा धूर सगळ्यांना ओळखीचा. कागदाचा वास वेगळा येतो. आणि खरं सांगायचं तर तिचा हातच होत नव्हता. जन्मभर ज्या बाईनं कागदाची चिंधी फेकली नाही, तिनं एवढे ताव आगीत कसे टाकावेत?

"माझ्यावर सोड," ती म्हणाली. "जिथं कुणी बघणार नाही तिथं ठेवते."

तिनं ते ताव खळ लावून चिकटवले, छापील बाजू सगळी आत. दोन पुठ्ठे झाले. खूण म्हणून कोपऱ्यावर नखानं खाच पाडली आणि ते गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, दगडाखाली सरकवले. वादळ सरलं की पुढचं बघू, असं तिनं ठरवलं. सासूला यातलं काही सांगितलं नाही. ऊनाच्या तोंडी तीळ भिजत नसे. सकाळी तिला कळलेली गोष्ट दुपारी मासळीबाजारात पोहोचायची.

मग तेवीस ऑक्टोबर आला. जुन्या बंडात प्रॉटेस्टंट लोक कापले गेले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये मोठं प्रवचन होतं, घंटा वाजतात, होळ्या पेटतात, आणि आमच्यासारखे लोक दार लावून घरात बसतात. त्या वर्षी स्कॉटलंडच्या बातमीनं लोक जास्तच पेटले होते. दारू प्यालेला जमाव गल्लीतून गेला आणि नेलच्या खिडकीची काच फुटली. रात्रभर दोघी बायका जिन्याखाली बसून होत्या. ऊना जप करत होती, आणि मधेच जमावाला शिव्या देऊन पुन्हा जपाकडे वळत होती.

दुसऱ्या दिवशी नेल पुस्तकविक्रेत्या गिडियन बार्लोकडे गेली. बार्लो प्रॉटेस्टंट, जाडसर, सतत खोकणारा. कालचंच प्रवचन तो छापून घेणार होता आणि सहा प्रती मोठ्या लोकांना भेट द्यायला चामड्यात बांधून हव्या होत्या, त्याही लगोलग. कॅथलिकांना शिव्या घातलेलं पुस्तक कॅथलिक बाईनंच बांधायचं, यात तिला नवल वाटत नव्हतं. पोट कुठल्याही पंथाचं नसतं.

घरी आली तर खिडकी बुजवलेली.

"कशानं बुजवलीत?"

"तुझ्याच पुठ्ठ्यानं," ऊना म्हणाली. "कापून बसवलाय आणि वर चरबी चोळलीय. तू काच आणेपर्यंत मी गारठून मेले असते, मग नवीन सासू कुठनं आणली असतीस?"

नेल हसली. गठ्ठ्याच्या वरचा एखादा घेतला असेल, असं तिला वाटलं. सासूची कंबर वाकत नव्हती.

चार दिवसांनी बार्लोचा माणूस छापील ताव घेऊन आला आणि प्रती हातात पडेपर्यंत दारातच ठिय्या देऊन बसला. उजेड कमी, पुठ्ठे पुरते वाळलेले नाहीत, तो सारखा "झालं का, झालं का" करतोय. नेल गठ्ठ्यातून पुठ्ठे ओढत होती, कडा कापत होती, चामडं चढवत होती. तो प्रती घेऊन गेल्यावर तिनं श्वास सोडला आणि उरलेले पुठ्ठे आवरायला घेतले.

तळाशी खाचेचे पुठ्ठे नव्हते.

तिनं गठ्ठा दोनदा उलटापालटा केला. मग जमिनीवर बसली. कापताना कोपरे छाटले गेले आणि त्याबरोबर खाचही गेली, याशिवाय दुसरं काय झालं असणार? राजाविरुद्धचा जाहीरनामा आपण आपल्या हातानं राजाच्या माणसांच्या पुस्तकात बांधून दिला. आणि घाईत ओल्या खळीवर चामडं चढवलेला पुठ्ठा आज ना उद्या उकलतोच.

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातली सुई बोटात जायची. आठवड्यानं बार्लो स्वतः आला. हातात त्याच प्रतींपैकी एक, तिचं पुढचं कव्हर पापडासारखं वाकलेलं.

"हे काय बांधलंयस?" तो एवढंच म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं. नेल मटकन गुडघ्यावर आली. "मालक, अँब्रोजला काही करू नका. जाळ म्हणाला होता तो मला. मीच जाळलं नाही. मीच आत घातलं."

बार्लोचा खोकला थांबला. "आत काय घातलंस?"

तेव्हा तिला कळलं की याला काहीच ठाऊक नव्हतं. पण सुटलेला शब्द परत गिळता येत नाही. बार्लोनं दार लावलं, तिच्याच सुरीनं ते कव्हर चिरलं आणि ताव एकेक करून सोलले. आत जुनं पंचांग निघालं, जत्रांचे दिवस आणि पावसाचे अंदाज. त्यानं मागचं कव्हरही चिरलं. तिथंही तेच.

"मग ते उरलेल्या पाचांत आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा खळीसारखा झाला होता. "बाई, त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव कुणाचं छापलंय माहितीय? माझं. तुझं नाही, तुझ्या भावाचं नाही. माझं."

भीती अशी वाटून घेता येते, हे नेलनं त्या दिवशी पाहिलं. तिची मात्र त्यानं तसूभरही कमी झाली नाही.

बांधणी बिघडली आहे, बदलून देतो, असं सांगून बार्लोनं प्रती परत मागवल्या. चार आल्या. दार लावून दोघांनी त्या चिरल्या. पंचांग, गाणी, एका दरोडेखोराचं शेवटचं भाषण. सहावी राजाचा कारभार चालतो त्या किल्ल्यात गेली होती, व्हाइसरॉयच्या दालनात. तिथून पुस्तक परत मागायची छाती बार्लोला नव्हती.

"मला विचारलं तर मी तुझ्या भावाचं नाव सांगणार," तो खाली बघत म्हणाला. "मला चार लेकरं आहेत. म्हणून आत्ताच सांगतो, त्याला देशाबाहेर जाऊ दे."

अँब्रोजला हे पटेना. "किल्ल्यातले लोक पुस्तकं उघडतसुद्धा नाहीत, नेल. ते पुठ्ठा कशाला उकलतील?"

"उकलेल. चामडं चढवताना खळ ओली होती. मला माहितीय."

"इथं यंत्र आहे, घर आहे. तिकडं फ्रान्सात माझं कोण आहे?"

"इथं राहिलास तर माझंही कोणी उरणार नाही," ती म्हणाली, आणि रडली. तिच्या रडण्यापुढं तो लहानपणापासून हरत आला होता. रिंग्झएंडच्या धक्क्यावरून कातडी आणि लोणी नेणारं एक गलबत फ्रान्सातल्या नँटला निघालं होतं. नेलनं त्याच्या खिशात ओटची भाकरी कोंबली. गलबतात चढताना तो म्हणाला, "तळघर कोरडं ठेव, खिळे गंजतील." खिळे म्हणजे छपाईची अक्षरं.

गलबत वेल्सच्या खडकांवर फुटलं. वसंतात दुसऱ्या जहाजावरच्या एका खलाशानं येऊन सांगितलं. कोणी वाचलं नव्हतं.

नेल तरीही भीत राहिली. अँब्रोज अचानक नाहीसा झाला म्हणून कुणीतरी कागाळी केली आणि शिपाई झडतीला आले. त्यांनी तळघर उपसलं, गादी फाडली, पुठ्ठ्यांचा गठ्ठा चाकूनं भोसकला. एका शिपायानं खिडकीतल्या पुठ्ठ्याला पाठ टेकून बुटातला खडा झटकला. ऊना त्याला म्हणाली, "अरे मुडद्या, सरक, वारा अडवलाय तिथं." तो हसला आणि सरकला. काही सापडलं नाही. तरी किल्ल्यावरून कुठलीही घोडागाडी गल्लीत शिरली की नेल भिंत धरून उभी राहायची. भाऊ तर बुडाला होता, मग आता भ्यायचं कुणासाठी? भीतीची सवय लागते, पायातल्या चपलेसारखी.

काच तिनं कधी बसवली नाही. ऊनाच दर पानगळीत त्या पुठ्ठ्याला नव्यानं चरबी चोळायची आणि चोळताना सुनेच्या आळसाची कीर्ती गायची. पाचेक वर्षांनी ऊना गेली. त्या साली चरबी चोळायला कोणी नव्हतं.

हिवाळ्यात पाऊस असा लागला की लिफी नदी धक्क्यावर आली. एका सकाळी गल्लीचा कोतवाल दारावरून जाताना थांबला.

"पर्सेलबाई, खिडकीतून काय लोंबतंय तुमच्या? छापील दिसतंय."

तो वाचायला थांबला नाही, पावसात भिजत होता. नेल बाहेर गेली. पुठ्ठा फुगला होता. वरचा ताव सुटून लोंबत होता, आणि पूर्वी आत असलेली छापील बाजू आता रस्त्याकडं होती. तिनं तो अलगद ओढला आणि पाठीवर बोट फिरवलं. खिळे ठोकल्यासारखी अक्षरं बोटाला लागली.

ती आत येऊन पलंगावर बसली. दुसरा पुठ्ठाही तिथंच होता, पहिल्याच्या मागं, आधाराला लावलेला. काच फुटली त्याच्या दुसऱ्या सकाळी गठ्ठ्यातले वरचे पुठ्ठे ओले होते. ऊनानं कोरडे हवेत म्हणून तळाचे उपसले असणार. कंबर मोडली तरी ओला पुठ्ठा ती खिडकीत लावणार नव्हती. एवढं साधं होतं ते. "आई, कुठला घेतलात?" एवढंच विचारायचं होतं. ऊनाच्या तोंडाला भिऊन तिनं ते विचारलं नाही, आणि किल्ल्यातलं पुस्तक आतून पंचांग घेऊन निवांत बसलं होतं.

तिनं दोन्ही पुठ्ठे सोलले. एकेक ताव चुलीपुढं वाळवला, एकेकावर बोट फिरवलं आणि एकेक आगीत टाकला. शेजारणीनं दारातून डोकावून म्हटलं, "नेल, कागद जाळतेस? बरं नाही का वाटत?"

"त्यानं जाळायला सांगितलं होतं," नेल म्हणाली.

धुराड्यातून काळी राख उडून कुक स्ट्रीटवर पडत होती. ती कुठं पडते हे बघायला ती खिडकीपाशी गेली नाही.