प्रस्तावनेवरून फिरलेला अंगठा

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या मोबाईलवर चक्क माझा ब्लॉग उघडलेला दिसला. जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीचा लेख होता. मी दाढदुखी विसरून चोरून बघत बसले.

त्या लेखाची सुरुवात मी कितीतरी संध्याकाळी घासूनपुसून लिहिली होती. पहाटेचा गारवा, कळीवरचं दव, माझं हळवं मन, सगळं त्यात होतं. ब्लॉग चालवायचा तर पहिल्याच परिच्छेदात वाचकाला धरून ठेवा, असं जो तो सांगतो. बाईंनी अंगठा असा काही सरकवला, की गारवा, दव आणि माझं मन एका दमात वर निघून गेलं. फवारणीच्या ओळींपाशी त्या थांबल्या. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि घरी फोन लावला.

"अहो, कडुनिंबाचं तेल आहे ना आपल्याकडे? साबणाच्या पाण्यात मिसळून फवारायचंय. आणि झाड उपटू नका हं, जगेल ते."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. वाचकाला धरून ठेवायचं नसतंच मुळी. घरी त्याचं झाड वाट बघत असतं. त्याला लवकर मोकळं करायचं असतं.

घरी येऊन, आठवडाभर सुरुवातीलाच अडलेला कढीपत्त्याचा लेख उघडला. 'पानं पिवळी पडत असतील तर आधी पाणी कमी करा,' असं लिहिलं आणि पुढचं भराभर सुचत गेलं. अक्षरं मात्र मोठी केली, त्या बाईंच्या दोन बोटांचे कष्ट वाचावेत म्हणून.