भिंतीवरची लढाई

लॉकडाउनमध्ये कुणी कुणाच्या घरी जायचं नव्हतं, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढेही नाही. सल्ल्यांना मात्र पाच किलोमीटरची मर्यादा नव्हती! आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आम्हा मराठी लोकांचे किस्से त्या काळात इतके साठले, की माझ्या एका चित्राचेच एवढे झाले.

चित्र म्हणजे सतराव्या शतकातलं, बरोक काळातलं एचिंग, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. धूर, भाले, पडलेले घोडे, पिसांच्या टोप्या. या घरात मी कुणालाही न विचारता आणलेली ती एकमेव वस्तू. त्यामुळे ते भिंतीवरून उतरणार नाही, हे ठरलेलं होतं.

*

आई-बाबा पुण्याहून पाहुणे म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. आईने चित्र पाहिलं.

"घरात लढाईचं चित्र लावू नये. भांडणं होतात."

"काही होत नाहीत."

"होतात!"

"नाही होत!!"

दिवसभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. रात्री आमटी वाढताना आई म्हणाली, "बघ. झालं ना?"

*

गणपतीची आरती झूमवर होती. मंडळातल्या जोशीकाकांना माझ्या मागे चित्र दिसलं.

"वा! महाराजांची लढाई?"

"काका, ते युरोपातले सैनिक आहेत."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तरीच. घोड्यावर नीट बसता येत नाहीये."

पन्नाशीनंतर माणसांना भिंत दिसत नाही, भिंतीवर काय चुकलंय तेवढंच दिसतं!

*

माझी मैत्रीण सायली डॉक्टर आहे. नियम सैल झाल्यावर चहाला आली आणि घोड्यावरून पडलेल्या सैनिकाकडे बघतच राहिली. मला बरं वाटलं. चला, एकीला तरी कला कळते.

"कॉलरबोन," ती म्हणाली. "एक्स-रे काढावा लागेल."

*

घरमालक पॅट बॉयलर बघायला आला. कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या घोडेस्वारावर बोट ठेवून त्याने विचारलं, "'यूअर मॅन', म्हणजे हा गडी, कुठे निघालाय?"

"पळून चाललाय."

"ग्रँड, छान," पॅट म्हणाला. "एक तरी शहाणा आहे."

*

विमानं सुरू झाली. आई-बाबांना एअरपोर्टवर सोडून घरी आले, तर भिंतीवर नुसता खिळा!

त्यांनी पुण्यात पोहोचल्यावर व्हिडिओ कॉल केला. आईच्या मागे, हॉलमध्ये, माझी लढाई.

"आई! ते माझं आहे!"

"माहीत आहे. साड्यांत गुंडाळून आणलं, काचेला ओरखडा नाही. तू तिथे एकटी. तुझ्या घरात शांतता हवी."

"आणि तुमच्याकडे भांडणं झाली तर?"

आईने मागे वळून पाहिलं. बाबा हातात हातोडी घेऊन उभे होते.

"नवीन काय होणार?"