माझ्या मुंज्याचा मुका कुठं गेला?

माझी कादंबरी वाचली म्हणता आणि नायिकेचं नाव विचारलं की डोकं खाजवता! म्हणून आधीच सांगते, मी नांदेडची तुमची अंगठेबहाद्दर आजी. मी बोलते, नात लिहिते.

लेकानं मला पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारं ई-रीडर आणलं. आठ दिवस झाले, भुताखेतांच्या प्रेमकथा ऐकून राहिले. लई बऱ्या वाटल्या. नवऱ्यापेक्षा भूत बायकोचं जास्त ऐकतं.

आज दुपारी त्यात माझीच कादंबरी लावली. पिंपळावरचा मुंजा सरूच्या प्रेमात पडतो, ती. सरू पिंपळाखाली आली, मुंजा खाली उतरला आणि एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली! मधला मुका गायब.

कादंबरी सुनेनं लिहून घेतली होती. तिला हाक मारली.

“आत्याबाई, मी शाळेत शिकवते. लिहून घेणारी म्हणून पुस्तकावर माझं नाव हाय. पालकांना तोंड कसं दाखवू?”

“आगं, पण मला वाचून दाखवलास तवा तर होता की!”

“तो मला पाठ होता.”

मशीनला लाज न्हाई, ते काही गाळत न्हाई. पण कागदावर उतरलंच न्हाई, ते बिचारं वाचणार कुठून? आणि जिनं मुका पाठ केला, तिच्यावर रागावू तरी कशी? तुम्ही असता तर रागावला असता का?

नव्या आवृत्तीत मुका येणार. पालकांनी विचारलं तर मुका सासूचा म्हणून सांगायचं, या बोलीवर सून कबूल झाली. उद्या रविवारी ती लिहायला बसणार, चूल बंद. शेजारच्या मुदखेडवाल्यांनो, तुमचे नामी धपाटे पाठवा. दही घरात हाय.