किल्लीतला सेल

वर्षभरात तिसऱ्यांदा गाडीच्या रिमोटमधला सेल संपला, तेव्हा कर्जतच्या घड्याळवाल्या काकांनी तो चिमटीत धरून माझ्याकडे नीट बघितलं.

"ताई, ह्यो इतक्यात जायाचा नाय. कोणतरी दाबत बसतंय."

"घरात लहान मूल नाही, काका."

"मंग मोठं कोणी असंल," असं म्हणून त्यांनी नवा सेल बसवून दिला. मला राग आला. मी घाईत होते, मी नेहमीच घाईत असायची तेव्हा.

कडावच्या अलीकडच्या आमच्या घरात माणसं तीनच. आई, बाबा आणि मी. मी साजगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सकाळी स्कूटरने कर्जतच्या नाक्यावर जायचं आणि तिथून कंपनीच्या बसने पुढे. गाडी घरीच असायची, बाबांसाठी. तीस वर्षं कर्जत–मुरबाड रस्त्यावर वाटेत प्रवासी भरत जाणारी वडाप जीप चालवलेल्या माणसाच्या अंगावरून दीड वर्षापूर्वी वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटलं. आठवड्यातून दोनदा मी त्यांना कर्जतला व्यायामाला न्यायची, त्या दोन दिवशी दुपारची पाळी मागून घ्यायची. बाकी वेळ गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला.

पावसाळा सरता सरता मला ताप आला आणि बऱ्याच महिन्यांनी मी कामाच्या दिवशी घरात झोपून राहिले. नऊच्या सुमाराला अंगणातून आवाज आला. टुक. थोड्या वेळाने टुक-टुक. मग पुन्हा टुक. मी गोधडी गुंडाळून ओटीवर आले. बाबा खुर्चीत बसले होते. डाव्या हातात किल्ली. अंगठा दाबला की समोरच्या गाडीचे पिवळे दिवे लुकलुकायचे, ते बघायचे आणि पुन्हा दाबायचे.

आत येऊन मी आईला विचारलं, "हे कधीपासून?"

आई तांदूळ निवडत होती. "वर्ष होईल. तू गेलीस का सुरू होतं."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगून काय? तू किल्ली उचलून ठेवली असतीस." तिने सुपावरची नजर वर केली नाही. "त्यांनी दाबलं का ती गाडी तरी उत्तर देते गं. माझ्याशी दिवसातून चार शब्द बोलतात."

आणि मी नेमकं तेच केलं. किल्ली कपाटावर ठेवली. गाडी कधी लागेल सांगता येत नाही, दाराचं कुलूप नुसत्या किल्लीने फिरत नाही, ऐन वेळी सेल संपून उघडली नाही तर काय करू, असं मी दोघांनाही ऐकवलं.

पुढचे चार दिवस मला कुठेच बसवेना. कंपनीत मोजमाप घेताना आकडा वाचायची आणि लिहीपर्यंत विसरायची. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावायची. आई सांगायची, "बसलेत." "काय करतायत?" "काय नाय. बसलेत." संध्याकाळी घरी आले की नजर आधी त्यांच्या डाव्या हाताकडे जायची. अंगठा गुडघ्यावर हलत असायचा. दाबायचा, थांबायचा, दाबायचा. अंगणात गाडी गप्प.

पाचव्या दिवशी व्यायामाची वेळ होती. मी किल्ली घेऊन अंगणात गेले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जवळ जाऊन दाबलं. हसावं की रडावं कळेना. माझ्या पर्समध्ये जादा सेल होता. बदलायला पाच मिनिटं, असं म्हणून मी ओटीवर बसले. घाईघाईत स्क्रूड्रायव्हरने रिमोटची फट उचकटली, तर झाकण उडून पायरीखाली गेलं. ते शोधून आणलं. सेल बसवला, दाबला, काही नाही. काढला, पुसला, तसाच बसवला. घाम गळ्यावरून वाहायला लागला. घड्याळात बारा वाजून गेले होते.

"उलटा हाय," बाबा म्हणाले.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"दे."

"बाबा, उशीर होतोय. तुम्हाला एका हाताने नाही जमणार."

"दे गं."

मी किल्ली जवळजवळ आदळलीच त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर. त्यांनी डाव्या हाताने सेल काढायला घेतला, तर रिमोट स्टुलावर फिरायला लागला. एकदा फिरला, दोनदा फिरला. मला बघवेना. मी अंगणात जाऊन आले, उगाच गाडीची काच पुसली, परत आले. तोवर त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला होता. एखादी वस्तू उचलावी तसा. तो त्यांनी रिमोटच्या कडेवर ठेवला. हाताच्या वजनाने रिमोट जागच्या जागी राहिला. मग नखाने सेल उचकला, फिरवला, आकड्यांची बाजू वर केली, दाबला. झाकण बसवताना तीनदा निसटलं. मी पुढे झाले तर आईने माझा दंड धरला.

झाकण बसलं तेव्हा उजव्या हाताचं एक बोट हललं, असं मला वाटलं. आई म्हणते, हललं. मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

टुक-टुक. दिवे लागले. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल."

आम्ही पोहोचलो तेव्हा व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी पुढचा पेशंट घेतला होता. त्या म्हणाल्या, आता गुरुवारीच. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मी फक्त त्यांना उजव्या हाताचं सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं, "हात कामाला लावलात?" बाबा म्हणाले, "लावला."

परतताना आमच्या गावाचा फाटा आला, मी इंडिकेटर दिला. बाबांनी मान हलवली आणि समोर मुरबाडच्या दिशेला बोट केलं. "कशेळं."

"आत्ता? मला दोनची बस आहे, बाबा."

"कशेळं."

मी सरळ निघाले. दोन्हीकडे भात पिवळं पडायला लागलं होतं. बाबा रस्त्यावर डोळे लावून बसले होते. वळण आलं की त्यांचा डावा पाय खाली दाबला जायचा, क्लच असल्यासारखा. कशेळ्याच्या जीप स्टँडवर मी गाडी कडेला घेतली. दोन-तीन जुन्या ड्रायव्हरांनी ओळखलं, धावत काचेशी आले. "अरं, ह्यो बघ कोन आलाय! उतर ना रं!"

बाबांचं तोंड हललं, शब्द आला नाही. मला त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. ते माझ्याकडे वळले. "चल. चल."

"थांबू या जरा?"

"चल गं."

मी गाडी वळवली. आरशात ते तिघे हात हलवत उभे होते. गाव येईपर्यंत मी बस चुकल्याचं काढलं नाही. घरी उतरताना बाबांनी दार धरून दम घेतला आणि म्हणाले, "उतरेन. रविवारी."

रविवारी ते उतरले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी कशेळ्याच्या स्टँडवर उतरले, काठी टेकत, चहाच्या टपरीपर्यंत. मी गाडीतच बसून राहिले. बाबांनी मला सांगितलंच तसं होतं.