छातीवरची माती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिलाही मी म्हशीचीच गोष्ट सांगितली. ती गोष्ट पुढं येईलच.

महाराजांच्या राजवटीत कोल्हापुरात पैलवान असणं म्हणजे काय, हे आता कसं सांगू? रस्त्यानं निघालो की लोक दुकानातून उठून बघत. आणि मी — वीस वर्षांचा, तुफान ताकदीचा — पण छातीला बाईसारखे उभार. हो, तेच. लिहितानाही लाज वाटते. तालमीत उघड्या अंगानं उतरायचं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी कुस्तीच्या हौद्यात जायचो आणि छातीवर तांबडी माती जाड थापून घ्यायचो. वस्ताद म्हणत, चरबी आहे, जोर वाढव. रोज हजार जोर मारले. खांदे भरले, उभार तसेच.

शेवटी देवाला जातो म्हणून रेल्वेत बसलो आणि मिशनचा दवाखाना गाठला. गोऱ्या डॉक्टरानं बोटानं दाबलं तसा मी कळवळलो. ही नुसती चरबी नाही, आत गाठी आहेत, जोर मारून जाणार नाहीत, कापाव्या लागतील, व्रण राहतील, असं त्यानं सांगितलं. क्लोरोफॉर्म हुंगवला. शुद्धीवर आलो तेव्हा छाती पट्ट्यांनी करकचून बांधलेली होती. दीड महिना हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असा हुकूम. पण त्यानंतर पंचगंगेच्या घाटावर भर दुपारी उघडा उभा राहिलो — काय सांगू, जग जिंकल्यासारखं वाटलं. व्रणांचं कुणी विचारलं तर म्हशीनं शिंग मारलं म्हणायचो. लोकांना त्याचंही कौतुक.

मग मी सुटलोच. एकामागून एक कुस्त्या मारल्या. मोठ्या मैदानात जोड लागली कुरुंदवाडच्या दस्तगीरशी. पिंजाऱ्याचा मुलगा, माझ्याहून ताकदवान. महाराज बघायला बसलेले, हलगी कडाडत होती. सलामीला तो समोर आला आणि मी त्याची छाती पाहिली. जाड माती, थापून थापून बसवलेली. अशी माती कोण थापतं? मला ठाऊक होतं.

अर्धा तास त्यानं मला हलू दिलं नाही. मग मी — सांगतोच आता — कोपर नेमकं तिथं खुपसलं, जिथं गाठ असते. आणि दाबत राहिलो. त्याचा श्वास अडकला, पकड सुटली. कुठं दुखलं, हे तो चारचौघांत सांगणार होता का? मी त्याला अस्मान दाखवलं. मैदान उसळलं, दरबारातून फेटा आला, लोकांनी खांद्यावर घेऊन मला तालमीत आणलं. तो आनंद खोटा नव्हता. आजही आठवला की ऊर भरून येतो.

संध्याकाळी दस्तगीर भेटायला आला. अंगात सदरा, गळ्यापर्यंत बंद. थोडा घुटमळला.

"गड्या, तुझी छाती बघितली. मला बी तसली पायजे हुती. काय करतोस त्येला?"

दवाखान्याचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. उद्या तो बरा होऊन पुन्हा समोर उभा राहिला तर?

"जोर मार," मी म्हणालो. "रोज हजार."

काही वर्षांनी कुरुंदवाडचा एक पावणा भेटला. दस्तगीरनं कुस्ती कधीच सोडली होती. पण पहाटे उठून हजार जोर मारायचं चुकत नाही, म्हणाला. हे कुणी शिकवलं असं विचारलं की माझं नाव सांगतो, मोठ्या अभिमानानं.