ओहोळाच्या पलीकडे तिघं

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. फार्मसिस्ट आहे. अंगाऱ्याने ताप उतरला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी काउंटरवरच वाद घालते, आणि ह्या धाग्यावरचे निम्मे अनुभव वाचून खो-खो हसलेय सुद्धा. तरी आज लिहायला बसले, कारण माझ्याच बाबतीत घडलेली एक गोष्ट मला अजून कुठल्याच खणात ठेवता आलेली नाही...

२००६ चा हिवाळा. मी अकरा वर्षांची, निखिलदादा चौदाचा. आम्ही शहापूरला राहायचो, आणि रविवारी घरात बसणं बाबांच्या मते पाप होतं. चार सायकली, दशम्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, की निघालो. एकदा तर मुरबाडला मामाकडे सायकलींवर धडकलो होतो – येताना मामाने आमची दशा बघून चौघांना सायकलींसकट टेम्पोत घातलं.

त्या वर्षी बाबांच्या मावसभावाने अमेरिकेहून एक पिवळा जीपीएस आणला आणि त्याबरोबर जिओकॅशिंगचं खूळ. म्हणजे कुणीतरी रानात एक डबा लपवतो, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो, बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. आमच्या तालुक्यात कुणी डबा लपवलेलाच नव्हता. मग बाबा म्हणाले, आपणच लपवू!

तर स्टीलचा डबा घेऊन आम्ही खर्डीच्या आत सात-आठ किलोमीटरवर गेलो. पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. एक ओहोळ ओलांडला की पाड्याची शीव लागायची. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं. बाबा आणि दादा करवंदीच्या जाळीत डबा लपवत होते, आई सावलीत बसली होती, आणि मला कुणी काही करू देत नव्हतं म्हणून मी फुरंगटून एका ऐनाच्या झाडाखाली गेले.

तिथे बुंध्याशी गुळगुळीत खडे ओळीने मांडलेले होते. वीस-पंचवीस असतील. प्रत्येकावर चुन्याची वेगवेगळी खूण. मला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी खजिना! मी एक छोटा खडा खिशात टाकला आणि नियमाप्रमाणे त्याच्या जागी माझी लाल क्लिप ठेवली. दादाला नंतर दाखवून जळवायचं, असा बेत होता.

परत निघालो. ओहोळ म्हणजे केवढा, तर घोटाभर पाणी आणि पाच-सहा दगड. बाबा, दादा, आई सायकली उचलून पलीकडे गेले. मी शेवटची. सायकल ढकलली तर चाक काठावरच थांबलं. वाकून पाहिलं, काही अडकलं नव्हतं. सायकल आडवी टाकून मी पहिल्या दगडावर ठेवायला पाय उचलला – आणि तो परत काठावरच टेकला. मला कुणी धरलं नव्हतं, ढकललं नव्हतं. पाय माझा, उचलला मीच, आणि खाली येताना तो अलीकडेच. सात-आठ वेळा केलं. मागे जाऊन धावत आले, तरी शेवटचं पाऊल काठावरच. काठाकाठाने खाली चालत गेले आणि दुसऱ्या जागेवरून उतरायला बघितलं, तिथेही तेच.

"बाबा! मला येता येत नाहीये!"

तीस पावलांवर बसले होते तिघं. आईने पिशवीतून पेरू काढले. दोन पेरू कापले, तिखटमीठ लावलं, आणि तीन वाटे केले. मी जीव खाऊन ओरडत होते. दादा माझ्या दिशेने बघून पाण्यात खडे मारत होता. आईने एकदा मान वर केली, झाडाकडे बघावं तशी माझ्याकडे बघितली आणि पुन्हा बाबांशी बोलायला लागली. त्यांचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. दादाच्या गणिताच्या क्लासबद्दल चाललं होतं.

आधी मला वाटलं, मुद्दाम करतायत. रडू आलं, राग आला. मग मी पायातली चप्पल काढून फेकली. ती पलीकडे गेली, बाबांच्या पायाशीच पडली! बाबांनी उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"कुणाची तरी राहिलेली दिसते," ते म्हणाले, आणि बाजूला ठेवून दिली.

तेव्हा मी जी घाबरले, तशी आयुष्यात पुन्हा कधी घाबरलेली नाही. ते तिघं उठले. आईने दशम्यांचा डबा पिशवीत टाकला, सायकलचा स्टँड काढला. ते मला सोडून घरी चालले होते, आणि माझ्यात आणि त्यांच्यात फक्त घोटाभर पाणी होतं...

"काय गो पोरी, रडतस कशाला?"

मागे एक म्हातारी उभी होती, डोक्यावर लाकडांची मोळी.

"आजी, मला पलीकडे जाता येत नाहीये. आणि त्यांना मी दिसतच नाहीये!"

तिने माझ्याकडे नाही, आधी त्या झाडाकडे पाहिलं. मोळी खाली टाकली.

"खड्यांना हात लावलास तू?"

मी खिशातून खडा काढला. "मी एक घेतला. पण बदल्यात माझी क्लिप ठेवलीय," असं वर शहाणपण.

"ठेवलीस?" तिने कपाळाला हात लावला. "अगो, हा माज्या लेकीचा खडा. दिवाळी झाली का आमची मानसं वीटभट्टीवर जातात. जाताना आपापला खडा हितं ठेवायचा. मंग मानूस कुठं पन जाव दे, तो हितलाच ऱ्हातो. तू तुजी वस्तू ठेवलीस, तू पन हितलीच झालीस. मंग ती तुला नेतील कशी?"

तिने खडा माझ्याकडून घेतला, कपाळाला लावून जागेवर ठेवला. क्लिप उचलली आणि माझ्या मुठीत कोंबली.

त्याच क्षणी आईच्या हातातली सायकल खाली पडली.

"पल्लवी!" आई अशी किंचाळली की दोन्ही काठांवरचे पक्षी उडाले. ती साडीसकट पाण्यात धावत आली, मला एक सणसणीत थोबाडीत मारली आणि मग घट्ट धरून रडायला लागली. "कुठे गेली होतीस? कुठे होतीस इतका वेळ?"

"इथेच होते," मी म्हणाले. तिचा हात धरून मी ओहोळ ओलांडला. सहज ओलांडला, अगदी नेहमीसारखा. मागे वळून पाहिलं तर म्हातारी मोळी डोक्यावर चढवत होती.

आई म्हणते, असं काही झालंच नव्हतं, मी खेळता खेळता मागे राहिले होते. दादा विषय बदलतो. बाबांनी पुन्हा कधी डबा लपवला नाही, जीपीएस कुणाला तरी देऊन टाकला. माझे पाय भीतीने जखडले असतील, हे मी मान्य करते. वाचन आहे माझं त्यावर. पण उरलेल्या तिघांना एकाच वेळी काय झालं होतं, ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

गेल्या वर्षी मी बाबांना सरळ विचारलं, तुम्हाला त्या वेळी मी आठवतच नव्हते का?

बाबा म्हणाले, "आठवायला कुणी नव्हतंच गं. आम्हाला एकच मुलगा होता. तिथे पेरू खाताना सारखं वाटत होतं, एक मुलगीही झाली असती तर किती बरं झालं असतं."