चालत्या गाडीचे तेरा व्होल्ट

"अक्के, व्होल्ट पंधराच्या वर न्हेऊन ठेव की. चवदानं काय व्हतंय? भोंग्यांचा घसा बसतोय."

"घसा चवदानं बसत न्हाई, थाविन. तुजी गाडी चालीत अकरावर येती म्हणून बसतोय. किती येळा सांगू?"

"म्हणूनच म्हणतोय, कटाऊट चढव."

"ती पक्कड दे हिकडं, आन तोंड बंद ठीव."

थाविनचा मिरवणुकीचा ट्रक सकाळपासून लामदुआनच्या शेडात उभा होता. पुढं माणसाच्या उंचीचे भोंगे, मागं वाजवणाऱ्यांचं बाकडं आणि बाकड्याखालच्या पेटाऱ्यात आठ बॅटऱ्या. दुसऱ्या दिवशी बुनमाच्या पोराची भिक्खूची दीक्षा होती. घरापासून विहारापर्यंत सगळा गाव नाचत जाणार, म्हणजे गाडी मुंगीच्या चालीनं. त्या चालीत इंजिन नुसतं गुरगुरतं. डायनामो फिरल्यासारखा दिसतो, पण त्याच्यातनं फारसं काही निघत नाही. भोंगे मात्र मागतच राहतात. मग सगळा भार बॅटऱ्यांवर येतो आणि अर्ध्या वाटेत त्या मान टाकतात.

यासोथोन शहराकडं जाणाऱ्या रस्त्याला असे ट्रक पुष्कळ, आणि त्यांच्या वीजबत्तीचं दुखणं लामदुआनकडं यायचं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. हाडं मोजून घ्यावीत अशी अंगकाठी, बोटांच्या पेरांत तांब्याच्या तारेचे चरे. नवरा गेल्यावर शेड हिनंच चालवली. डायनामोत तार अशी भरायची की शहरातले मिस्त्री उघडून बघायचे. पण डायनामोला आवर घालणाऱ्या कटाऊटचा स्क्रू पिळून व्होल्ट चढवा म्हटलं, की ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नऊ वर्षांमागं तिचा एकुलता पोरगा प्रयून तिच्यापुढं असाच उभा होता. तो फिन वाजवायचा, तीन तारांची. दोन ट्रकांची जुगलबंदी लागली होती. "आई, सोळावर न्हे," म्हणाला. तिनं स्क्रू पिळला. आवाज असा निघाला की समोरचा ट्रक गप झाला. पण सोळा व्होल्ट खाऊन बॅटऱ्या उकळल्या, त्यांची वाफ बंद पेटाऱ्यात कोंडली, आणि वायर धरणाऱ्या एका ढिल्या चिमट्याची ठिणगी पडून बॅटरी फुटली. अ‍ॅसिड प्रयूनच्या तोंडावर उडालं. डावा डोळा गेला. सुगी झाल्यावर त्याची दीक्षा ठरली होती. थोरल्या भिक्खूंनी पाहिलं आणि हळूच सांगितलं, अंगानं अधू माणसाला चीवर देता येत नाही. पोरानं चीवर घेतलं की आईला पुण्य लागतं. लामदुआनला ते लागलं नाही.

आता प्रयून थाविनच्याच ट्रकावर वाजवायचा, बॅटऱ्यांच्या पेटाऱ्यावरच बसून. दुपारी चिकट भाताची करंडी घेऊन तो शेडात आला.

"आई, थाविनदादा म्हणतोय तसं कर. माज्यासाठी अडून बसू नगंस. डोळा माजा हाय, मी संबाळीन."

"डोळा तुजा. स्क्रू माजा हुता." तिनं भाताचा गोळा केला, मिरचीच्या ठेच्यात बुडवला. "जेव."

जेवण झाल्यावर ती कामाला भिडली. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चासीला लागते, तिथं गंजाचा थर चढला होता. तो खरवडला, वायर बोटाएवढी जाड टाकली. पेटाऱ्याच्या दोन फळ्या कापून वाऱ्याला वाट केली. मग डायनामोची पुली काढून बारकी बसवली. पुली बारकी, की त्याच इंजिनावर डायनामो जास्त गरगरतो.

"पर ह्या पुलीवर मोठ्या रस्त्यानं गाडी पळवायची न्हाई," ती म्हणाली. "जाळून घेशील."

तिनं इंजिन मंद ठेवलं आणि प्रयूननं फिन छेडली. मीटर तेरावर येऊन थांबलं. हललं नाही.

"तेरा," थाविन म्हणाला. त्याच्या तोंडावर काही फार आनंद दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती ट्रकाच्या बाजूनं मीटर हातात धरून चालली. वायरी खिडकीतून आत सोडल्या होत्या. पुढं मुंडन केलेला पोरगा मित्राच्या खांद्यावर, त्याच्या मागं त्याची आई बुनमा, दोन्ही हातांवर घडी घातलेलं चीवर. शाळेपर्यंत तेरा होते. शाळेपुढं नाचणारे अडले, गाडी थांबली, आणि थाविननं अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन फुगवलं. मीटर चढलं. चौदा. पंधरा. पंधरा पॉइंट सहा.

लामदुआनला कळायला वेळ लागला नाही. रात्रीतनं थाविननं स्वतःच कटाऊटचा स्क्रू पिळला होता. कालच्या पुलीनं डायनामोला जोर आला होता, आणि तोच जोर आता बॅटऱ्यांत घुसत होता. फळ्यांच्या फटीतून उकळत्या बॅटऱ्यांचा, कुजक्या अंड्यासारखा वास आला. वर प्रयून डोळा मिटून वाजवत होता.

ती पायरीवर चढली, खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. मग मागं वळून बाकड्यावरच्यांना म्हणाली, "बटणाला कुणी हात लावू नगा. चिमट्याला न्हाईच. खाली उतरा."

वाजवणारे थांबले आणि सगळा रस्ता गप झाला. नाचणारे हात वरच राहिले.

बुनमा मागं आली. "लामदुआन, माज्या पोराचा एकच दिस हाय गं."

"व्हय."

"मग?"

"फुटलं असतं."

बुनमानं ट्रकाकडं बघितलं, मग प्रयूनकडं. तो उतरून आईपाशी उभा होता, गेलेल्या डोळ्याची बाजू तिच्याकडं. बुनमा चीवर छातीशी धरून पुढं जाऊन उभी राहिली.

कुणीतरी गळ्यातल्या ढोलावर थाप मारली. प्रयूननं फिन पाठीवर टाकली आणि टाळ्यांचा ठेका धरला. मिरवणूक हलली. आवाज पार बारीक झाला होता. दोघंतिघं कुरकुरले, एक म्हातारा म्हणाला, "माज्या दीक्षेला असंच हुतं." पोरं मागं बघत गेली.

रस्त्यावर ट्रक, थाविन आणि ती, एवढेच उरले.

"अक्के, लोकं हसतील मला. उद्यापास्नं कोण बोलवंल?"

"हसू दे. बाकडं उचल. झाकणं उघडून ठीव, वारा लागू दे. आन बिडी पेटवू नगंस."

त्यानं बाकडं उचललं. खाली बघितलं. मधल्या दोन बॅटऱ्यांची पोटं फुगली होती.

विहाराकडून ढोल ऐकू येत होता. दीक्षेआधीच्या विहाराभोवतीच्या तीन फेऱ्या सुरू झाल्या असाव्यात. लामदुआननं तिकडं बघितलं नाही. वास सरेपर्यंत ती सावलीत उभी राहिली. मग पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढला, बॉनेट वर केलं आणि कटाऊटचं झाकण खोलायला घेतलं.